मुख्य चालक

हेमंत गुळवे यांना फसवू शकेल असा माणूस सांगलीच्या हळदबाजारात अजून जन्माला यायचा होता, असं खुद्द हेमंत गुळवेच सांगत. त्यात थोडं तथ्यही होतं. हळकुंड मोडलं की आतला रंग बघून ते कुठल्या बाजूच्या रानातलं हे ते ओळखत, आणि गिऱ्हाईकानं तोंड उघडण्याआधी त्याच्या खिशाचा अंदाज घेत. भाजी असो की मुलीच्या कॉलेजचं वसतिगृह, घासाघीस केल्याशिवाय त्यांनी काही घेतलं नव्हतं. घासाघीस न करता त्यांना मिळालेली एकच गोष्ट म्हणजे मी, असं त्यांची बायको अर्चना म्हणायची. तिथंच तोटा झाला, असं हेमंतराव म्हणायचे.

नवी गाडी घेतली तेव्हा विम्याचं काम बशीरभाई मुल्ला यांच्याकडे गेलं. बशीरभाई जुने एजंट. गाडीचे पेढे खाऊन झाल्यावर ते म्हणाले, "शेठ, हप्ता कमी दिसला की लोक उड्या मारतात, आणि अपघात झाला की कळतं, निम्म्या गोष्टी विम्यात नव्हत्याच."

"मी काय लोक आहे होय?" हेमंतराव म्हणाले.

आणि खरोखरच त्यांनी लोकांसारखं काही केलं नाही. हप्ता कमी दिसावा म्हणून गाडीची किंमत पाडून लिहिली नाही. पुरात गाडी बुडाली तर काय, हे आधी विचारलं, कारण कृष्णेचं पाणी कुठवर येतं हे सांगलीकराला सांगावं लागत नाही. जुन्या गाडीला झालेला अपघात लपवला नाही. अटींची बारीक अक्षरं चष्मा पुसून वाचली. बशीरभाई खूश झाले. मग 'मुख्य चालक' हा रकाना आला आणि हेमंतरावांनी शांतपणे सांगितलं, "इथं वैदेहीचं नाव घाला."

"वैदेही कुठं गाडी चालवती?"

"चालवती की कधीमधी. तरुण पोरगी, शिकतेय डॉक्टरकी, हात एकदम साफ. माझ्या नावानं हप्ता किती आणि तिच्या नावानं किती, तुम्हीच बघा."

बशीरभाईंनी बघितलं. फरक डोळ्यांत भरण्यासारखा होता. तरी ते म्हणाले, "शेठ, हे नका करू. आता पूर्वीसारखं राहिलं नाही. स्टिअरिंगला पट्टी असती. तिला हात कळतो."

"हात कळतो, नाव कळत नाही ना? मग झालं तर. सगळा बाजार बायकापोरांच्या नावावर गाड्या फिरवतोय. मी एकट्यानं हरिश्चंद्र व्हायचा मक्ता घेतलाय का?"

बशीरभाईंना कमिशन हवं होतं आणि जुनं गिऱ्हाईक तुटायला नको होतं. ते गप्प बसले. वैदेहीला फोन लावला गेला. तिची दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. कंपनीच्या यंत्रानं तिला काहीबाही वाचून दाखवलं आणि शेवटी विचारलं, "आपली सहमती आहे का?" ती "हो, हो" म्हणाली आणि पुन्हा पुस्तकात शिरली. आपण कशाला हो म्हणालो हे ती संध्याकाळपर्यंत विसरूनही गेली.

त्या पट्टीबद्दल इथं थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिनंच घडवलं. स्टिअरिंगच्या कातड्याखाली केसाहून बारीक तारांचं जाळं विणलेलं असे. गाडी चालवताना माणूस स्टिअरिंग नुसतं धरत नाही. सरळ रस्त्यावरसुद्धा त्याचे हात सतत सूक्ष्म दुरुस्त्या करत असतात. डोळ्यांना काही दिसतं, मेंदू हुकूम सोडतो, बोटं दाबली जातात. हुकूम सुटल्यापासून बोट दाबलं जाईपर्यंतचा वेळ आणि त्या दाबाची लय प्रत्येकाची वेगळी असते. आरंभी विमा कंपन्या एवढंच बघत, की चालक दमलेला आहे का, प्यालेला आहे का. मग लाखो हातांची वर्षानुवर्षांची माहिती साठली आणि यंत्रांना त्यात भलतंच काही दिसू लागलं. मज्जासंस्थेचे काही आजार डॉक्टरांना कळण्याच्या कितीतरी वर्षं आधी बोटांच्या या लयीत उतरतात. माणूस ठणठणीत असतो, त्याची सही बदललेली नसते, चहाचा कप हिंदकळत नसतो. पण हुकूम किंचित उशिरा पोचू लागतो आणि एका दाबामागे दुसरा पुसट दाब उमटू लागतो.

गाडीत कॅमेरा लावायला आणि बोटांचे ठसे घ्यायला कायद्यानं बंदी होती. माणसाचं खासगीपण जपलं जावं म्हणून भल्या लोकांनी झगडून तो कायदा करून घेतला होता. त्यामुळे पट्टीला चेहरा दिसत नसे. पहिल्या वर्षी जो हात बहुतेक वेळ स्टिअरिंगवर असेल तो मुख्य चालकाचा, असं ती धरून चाले. आणि त्या हाताबद्दल जे कळेल ते सगळ्या विमा कंपन्यांच्या सामाईक जोखीम-सूचीत त्या नावापुढे जाऊन बसे. गाडीचा विमा असो, आयुष्याचा असो की धंद्याचा, सूची एकच.

अशा रीतीनं हेमंत गुळवे यांचा हात आपल्या मुलीच्या नावानं तीन वर्षं सांगलीभर फिरला.

वैदेही डोळ्यांची सर्जन झाली. मिरजेतल्या एका मोठ्या रुग्णालयानं तिची निवड केली. तिच्या शिक्षकांनी शिफारशीत लिहिलं होतं की असा स्थिर हात त्यांनी फार वर्षांत पाहिला नाही. हेमंतरावांनी बाजारात पेढे वाटले, आणि घासाघीस न करता आणलेले वाटले. ओजस, तिचा धाकटा भाऊ, बंगळुरात नोकरीला होता. त्याचं लग्न ठरत होतं. घरात एकूण बरे दिवस होते.

रुजू व्हायच्या आधी रुग्णालयानं तिचा व्यवसाय-विमा काढायला घेतला, आणि तो नाकारला गेला.

"का म्हणून?" जेवताना हेमंतरावांनी विचारलं.

वैदेही ताटात बघत म्हणाली, "सूचीत माझ्या नावापुढे हाताच्या आजाराची शक्यता लिहिलीय. दाट शक्यता. असा सर्जन ते टेबलाजवळ उभा करत नाहीत."

"हात तर चांगला आहे की तुझा."

"आज चांगला आहे, पप्पा. तो आजार आधी दिसत नाही. कॉलेजात सरावाच्या यंत्रांवर आमचे हात मोजले जायचे, तिथूनच कळलं असणार त्यांना." तिनं उजवा हात पुढे धरला आणि परक्या वस्तूकडे बघावं तसं त्याच्याकडे बघत राहिली. अर्चनानं तो हात धरून खाली घेतला आणि तिला जेव म्हणाली. कुणीच जेवलं नाही.

त्या वेळी हेमंतरावांच्या मनाला शंका शिवली नाही. पोरीवर कुणीतरी जळतं, कुठंतरी नावाचा घोळ झाला, असं ते धरून चालले. शंका शिवली ती बाजारात. हळदीचे सौदे आता पडद्यावर होत. पण जुन्या अडत्यांची खोड गेली नव्हती. दुपारच्या चहाला ते एकमेकांचा हात रुमालाखाली घेत आणि बोटं दाबून भाव सांगत. ही रीत कधीच बंद झाली होती, खेळ म्हणून तेवढी उरली होती. त्या दिवशी रावसाहेब चौगुल्यांनी हेमंतरावांचा हात धरला आणि हसत म्हणाले, "शेठ, काय एक ते ठरवा की. तुमचं बोट दोनदा दाबतंय."

"एकदाच दाबलं मी."

"दोनदा. मागच्या आठवड्यातबी असंच. म्हटलं, म्हातारपणी लबाडीची नवी तऱ्हा काढली का काय."

सगळे हसले. हेमंतरावही हसले, हात काढून घेतला आणि चहा तसाच ठेवून बाहेर आले. गाडीत बसल्यावर त्यांनी स्टिअरिंगवर हात ठेवले. त्यांना काहीच जाणवलं नाही. बोटं जागच्या जागी होती, शांत होती. पण आता त्यांना सगळं कळलं होतं: वैदेहीच्या नावापुढे सूचीत बसला होता तो त्यांचाच हात. आपल्याला काही होईल याची भीती त्यांना त्या क्षणी वाटलीच नाही. पोरीचं नाव आपण नासवलं, एवढंच डोक्यात घण घालत राहिलं.

भल्या माणसानं त्याच दिवशी घरी जाऊन कबूल केलं असतं. हेमंतराव वाईट नव्हते, पण त्यांचा जन्म सौद्यात गेला होता. न बोलता, न गमावता काही जमतं का, हे त्यांनी आधी बघितलं. पाठ धरल्याचं निमित्त करून ते वैदेहीला म्हणाले, "तू रिकामीच आहेस, तर मला बाजारात सोडत जा." खरा हात स्टिअरिंगवर आला की पट्टी आपोआप गप्प होईल, असा त्यांचा हिशेब होता. वैदेही बिचारी महिनाभर गाडी चालवत राहिली. बापाला सोबत होते म्हणून तिलाही बरं वाटत होतं. वाटेत ती फारसं बोलत नसे.

करायला गेले एक आणि झालं भलतंच. पट्टीनं बघितलं, की आजारी हात एकाएकी धडधाकट झाला. असे हात यंत्राला माहीत होते. आजार लपवून गुपचूप औषधं घेणाऱ्यांचे हात असेच सुधारतात. वैदेहीला कंपनीचा निरोप आला: आपण गाडीच्या विम्याचे मुख्य चालक असून उपचार सुरू असल्याची माहिती दडवली आहे, असा संशय आहे.

तिनं तो निरोप दोनदा वाचला आणि बापापुढे येऊन उभी राहिली. "पप्पा, गाडीच्या विम्यावर माझं नाव कसं?"

हेमंतरावांनी सांगितलं. सगळं सांगितलं, चौगुल्यांचं बोलणं, पाठीचं खोटं, हप्त्यातला फरकसुद्धा. सांगताना त्यांनी एकदाही तिच्याकडे बघितलं नाही. मग तिनं विचारलं, "म्हणजे तो हात तुमचा आहे?"

"माझा."

हेमंतरावांना वाटलं होतं ती ओरडेल. पण ती त्यांच्यासमोर खाली बसली, त्यांचा उजवा हात हातात घेतला, एकेक बोट वाकवून पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांच्या आजारासाठी आलं असं त्यांना वाटलं, आणि त्यांना जास्तच लाज वाटली.

ओरडली ती अर्चना. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते काय खोटं नाही! बैलाचं सोडा, पोरगी बसली रिकामी. चार पैसे वाचवलेत ना? घाला आता जपून तिजोरीत." मग ती पदर तोंडाला लावून बसली आणि थोड्या वेळानं म्हणाली, "आधी डॉक्टरकडं चला तुम्ही."

"आधी कोल्हापूरला जाऊ," हेमंतराव म्हणाले. "कंपनीत. माझा हात त्यांना देतो. काय व्हायचं ते माझं होईल."

बशीरभाईंनी त्यांना आधीच सांगितलं, की विमा रद्द होईल, मध्यंतरी ही गाडी ठोकली तेव्हा दिलेली भरपाई परत मागतील, आणि पुन्हा कुठली कंपनी दारात उभी करणार नाही. "माझंबी लायसन जाईल," ते म्हणाले. "जाऊ दे. मी तरी त्या दिवशी तोंड कशाला मिटलं?" हेमंतरावांनी मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा ते सांगितलेला भाव मुकाट्यानं द्यायला निघाले होते, आणि त्यांना त्यात विचित्र हलकं वाटत होतं.

कंपनीच्या कचेरीत केतकी इनामदार नावाची अधिकारी होती. वैदेहीच्याच वयाची असेल. तिनं आवाज चढवला नाही, उपदेश केला नाही. हेमंतरावांना एका नुसत्या स्टिअरिंगसमोर बसवलं, समोर पडद्यावर रस्ता सुरू केला, आणि ते चालवत राहिले. वैदेही बाजूच्या खुर्चीत होती. थोड्या वेळानं केतकीनं पडदा बंद केला.

"हात तुमचाच आहे, गुळवेसाहेब. खात्री झाली. मॅडमच्या नावापुढची नोंद आम्ही काढून टाकतो."

हेमंतरावांनी इतका मोठा श्वास सोडला, की केतकीनं त्यांच्यासाठी पाणी मागवलं. त्यांनी वैदेहीकडे बघितलं. तिचा चेहरा उजळला होता. रुग्णालयाची जागा अजून भरली नव्हती, हे तिनं सकाळीच गाडीत सांगितलं होतं.

"फक्त एक विचारायचं होतं," केतकी म्हणाली. ती आता पडद्याकडेच बघत होती. "वैदेही मॅडम तुमच्या सख्ख्या कन्या ना?"

"म्हणजे काय? अर्थात."

"हा दाब ज्या पद्धतीनं दोनदा उमटतो, तो आजार रक्तातून येतो. तुमच्या वडिलांना होता?"

"वडील तरुणपणीच गेले. साप चावला."

"त्यांना किंवा तुमच्या आईंना असणार. आईबापांपैकी एकाला असला की मुलांत उतरायची शक्यता निम्मी असते." तिनं पुढे सांगितलं, "पूर्वीची नोंद फक्त हाताची होती. हात चांगला असल्याचं सिद्ध करून ती खोडता आली असती. आता नोंद वारशाची होते. ती खोडायला अपील नाही. आणखी मुलं आहेत तुम्हाला?"

नाही म्हणावं असं हेमंतरावांच्या जिभेवर आलं होतं. पण नोंदी सरकारदरबारी होत्या, आणि खोटं बोलून काय होतं हे ते बघत होते. "एक मुलगा," ते म्हणाले.

केतकीनं ते टिपलं. "रक्ताची तपासणी करा असं आम्ही म्हणू शकत नाही, कायद्यानं मनाई आहे. पण मुलांनी स्वतःहून करून घेतली आणि ती निर्दोष आली, तर नाव त्याच दिवशी मोकळं होतं." ती वैदेहीकडे वळून म्हणाली, "सॉरी, डॉक्टर." आणि तिला खरंच वाईट वाटलं होतं.

परतीच्या वाटेवर वैदेहीनं गाडी चालवली. हेमंतराव बाजूला बसून एकसारखे बोलत होते. निम्मी म्हणजे काय कमी नाही. निम्म्या भरवशावर बाजारात माणसं घरं गहाण टाकतात. उद्याच तपासणी करून टाकू. ती रस्त्याकडे बघत नुसती हूं हूं करत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. तिला भीती वाटत असेल, असं समजून हेमंतराव बेचैन झाले. आणि त्या बेचैनीत त्यांच्या सौदेबाज डोक्यानं शेवटची वाट काढली. ती त्यांनी अर्चनाला स्वयंपाकघरात सांगितली. वारसा रक्ताचा आहे. रक्तच आपलं नाही असं ठरलं, तर वारसाही राहत नाही. तसं आईनं लिहून दिलं तर.

अर्चना कणीक मळत होती. तिनं हात थांबवले. संसाराच्या एवढ्या वर्षांत तिनं परक्या पुरुषाकडे मान वर करून बघितलं नव्हतं, आणि हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

"कुणाचं नाव घालायचं?" तिनं विचारलं.

"नाव लागणार नाही बहुतेक. माझं नाही, एवढंच."

तिनं हात धुतले, पुसले आणि बाहेर येऊन टेबलाशी बसली. "सांगा, काय लिहू?" ती म्हणाली. "पोरीसाठी एवढं लिहायला माझं काय जातंय?" आपण काय मागितलं हे हेमंतरावांना आत्ता, तिला पेन उघडताना बघून कळलं.

वैदेही केव्हा येऊन दारात उभी राहिली ते दोघांनाही कळलं नाही. ती आली आणि आईच्या हातातलं पेन तिनं काढून घेतलं.

"आई, असलं काही लिहायचं नाही. त्याचा उपयोग नाही. आजार तपासायला त्यांना बंदी आहे, नातं तपासायला नाही. एका दिवसात खोटं ठरेल, आणि तुझी बेअब्रू तेवढी राहील."

"मग तू तपासणी कर की गं," हेमंतराव कळवळून म्हणाले. "निम्मी आशा आहे."

"मी केली, पप्पा."

"कधी?"

"विमा नाकारला त्याच आठवड्यात. मला वाटलं, हात माझाच आहे. म्हणून करून घेतली." ती आईशेजारी बसली. "मला आहे तो आजार. अजून सुरू झालेला नाही. कितीतरी वर्षांनी होईल."

हेमंतरावांना ती त्यांच्यापुढे बसून एकेक बोट वाकवून पाहत होती ते आठवलं. तेव्हाच तिला ठाऊक होतं.

"तू सांगितलं का नाहीस?" अर्चनानं विचारलं.

"काय सांगायचं? मला आहे म्हणजे तुमच्यापैकी एकाला आहे. कुणाला, ते मला माहीत नव्हतं. दोघांनाही सांगावंसं वाटेना. आणि कोल्हापुरात मला वाटलं, सुटले. नोंद निघाली तर माझं माझ्यापाशी राहील. हात चांगला आहे तोवर काम करीन, आणि बिघडायच्या आत आपणहून थांबेन. पुष्कळ डोळे झाले असते, पप्पा. हजारो झाले असते. मला स्वतःलाही काही कळलं नसतं, जर..." पुढचं तिनं म्हटलं नाही.

म्हणायची गरज नव्हती. हेमंतरावांनी स्वतःच्या नावानं विमा घेतला असता तर पट्टीनं त्यांनाच हेरलं असतं, आणि मग केतकीनं विचारलं तोच प्रश्न तिथंही निघाला असता का, की मुलं दृष्टीआडच राहिली असती, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. हेमंतराव तेवढ्यावरच घुटमळत राहिले. आपण खरं बोललो असतो तर पोरगी वाचली असती, की तरीही बुडालीच असती? पहिलं खरं असेल तर जगवत नव्हतं. दुसरं खरं असेल तर तेही.

"ओजसला सांगायला हवं," अर्चना हळूच म्हणाली. "लग्नाआधी. मुलीकडच्यांना फसवून चालणार नाही."

"मी सांगतो," हेमंतराव म्हणाले.

"नको. मी सांगते," वैदेही म्हणाली. "तुम्ही सांगितलंत तर त्याला आधी तुमचा राग येईल. मग तो ऐकायचा नाही."

"आणि तुला?" त्यांनी विचारलं. "तुला नाही आला माझा राग?"

तिनं त्यांच्याकडे बघितलं. मग उठून ती आतल्या खोलीत गेली. फोनची घंटा वाजत राहिलेली बाहेर ऐकू येत होती. मग ओजसचा आवाज आला, नेहमीसारखा मोठा, हसरा.

"बोला डॉक्टरीणबाई, रुजू कधी होताय?"

वैदेहीनं दार लावून घेतलं.